तो काळच तसा होता म्हणे

वसाहतवादावर कुठेही वाद सुरू झाला की थोड्या वेळाने एक शहाणा माणूस येतोच आणि म्हणतो, अहो आजच्या चष्म्यातून तेव्हाकडे बघू नका, तो काळच तसा होता. ऐकायला एकदम समंजस वाटतं, बोलणारा चार पुस्तकं वाचलेला आहे, भावनेच्या भरात बोलत नाहीये असं वाटतं आणि समोरचे उगाच गप्प बसतात. मला हे वाक्य पटत नाही. नैतिकदृष्ट्या तर नाहीच, पण इतिहास म्हणूनही ते बऱ्याचदा चुकीचं असतं, आणि हे दाखवायला डचांच्या इतिहासाइतकं चांगलं उदाहरण सापडणं कठीण आहे.

डचच का, तर आपण इंग्रज आणि पोर्तुगीज यांना शिव्या घालण्यात इतके बिझी असतो की वलंदेज, म्हणजे हेच डच, आपल्याला फक्त वेंगुर्ल्याच्या पडक्या वखारीपुरते आणि शिवकालावरच्या पुस्तकातल्या एखाद्या पॅराग्राफपुरते माहीत असतात. बाकी नेदरलँड्स म्हणजे ट्यूलिप, सायकली, हॉकी आणि खुल्या विचारांची माणसं. दुसरं कारण असं की या लोकांनी सगळं लिहून ठेवलंय. 1602 साली स्थापन झालेली त्यांची ईस्ट इंडिया कंपनी ही शेअरहोल्डरांची कंपनी, त्यामुळे कोण काय बोललं, कोणी काय केलं, किती खर्च आला, सगळं पत्रांत आणि हिशोबात आहे. म्हणजे त्या काळातली माणसं त्या काळाबद्दल काय म्हणत होती ते आपल्याला वाचता येतं, अंदाज बांधायची गरज नाही.

बांदा बेटांपासून सुरू करू. इंडोनेशियाच्या पूर्व भागात समुद्रात ही पिटुकली बेटं आहेत, नेइरा, लोन्थोर, आय, रुन वगैरे, आणि तेव्हा जगातलं सगळं जायफळ आणि जायपत्री इथूनच यायची. बांदाचे लोक जावा, मलाक्का, अरब, गुजराती सगळ्यांशी व्यापार करायचे. त्यांना राजा नव्हता, 'ओरांग काया' म्हणून वडीलधारे प्रतिष्ठित लोक असायचे ते मिळून कारभार बघायचे. डचांनी येऊन त्यांच्याकडून करार करून घेतले की जायफळ फक्त आम्हालाच विकायचं आणि आम्ही ठरवू त्या भावाने. बांदाच्या लोकांना तांदूळ, कापड बाहेरून लागायचं, ते डच धड पुरवू शकत नव्हते, मग ते लोक इंग्रजांना आणि जावाच्या व्यापाऱ्यांना माल विकत राहिले, जे कोणीही केलं असतं. 1609 मध्ये त्यांनी डच अॅडमिरल आणि त्याच्या माणसांना गाठून मारलं हेही खरं आहे, ते लपवायचं कारण नाही.

1621 मध्ये गव्हर्नर जनरल यान पीटर्सझून कून स्वतः मोठं आरमार घेऊन तिथे गेला. हाच तो माणूस ज्याने 1619 मध्ये जयकर्ता जाळून तिथे बटाव्हिया, म्हणजे आजचं जकार्ता, वसवलं, आणि त्याआधी कंपनीच्या डायरेक्टरांना लिहून कळवलं होतं की व्यापाराशिवाय युद्ध करता येत नाही आणि युद्धाशिवाय व्यापार. लोन्थोर त्याने जिंकलं, गावं जाळली, आणि कटाचा आरोप ठेवून, छळ करून कबुलीजबाब घेऊन 8 मे 1621 रोजी 44 ओरांग कायांना नेइराच्या किल्ल्याबाहेर बांबूच्या कुंपणात नेऊन भाडोत्री जपानी सैनिकांकडून कापून काढलं. त्यानंतर उरलेल्यांची शिकार झाली, कित्येक डोंगरात उपाशी मेले, शेकडो लोकांना, म्हातारे, बायका, मुलं, जहाजात भरून बटाव्हियाला नेऊन गुलाम केलं. आधीची लोकसंख्या साधारण 15,000 धरतात आणि नंतर बेटांवर उरले ते हजारेक. जे निसटले त्यांच्यातले काही केई बेटांवर गेले आणि त्यांचे वंशज आजही तिथे बांदाची जुनी भाषा बोलतात, खुद्द बांदात ती उरलेली नाही.

आता 'तो काळ' इथे लावून बघा. त्या कत्तलीच्या दिवशी हजर असलेल्या एका डच अधिकाऱ्याने, नाव फान वार्ट, लिहून ठेवलंय की कोण बरोबर होतं ते देवालाच ठाऊक, पण आम्ही ख्रिश्चन म्हणवणारे लोक हा प्रकार बघून हादरलो आणि आम्हाला यात काही आनंद वाटला नाही. हा काही एकविसाव्या शतकातला अॅक्टिव्हिस्ट नाही, तिथे बंदूक घेऊन उभा असलेला कंपनीचाच माणूस आहे. कंपनीतच काम केलेला आर्ट खैसेल्स तर त्याच्याही पुढे गेला. त्याचं म्हणणं असं की हे लोक स्वतःच्या भूमीच्या स्वातंत्र्यासाठी लढले, जसं आपण इतकी वर्षं आपल्या भूमीसाठी जीव आणि पैसा घातला. हे वाचल्यावर मी जरा थांबलोच, कारण डच तेव्हा स्पेनच्या राजाविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध लढत होते, 1568 पासून, आणि त्यातला बारा वर्षांचा तह संपला तो महिना कुठला तर एप्रिल 1621. म्हणजे घरी परक्या राजाविरुद्ध पुन्हा शस्त्र उचललं आणि पुढच्याच महिन्यात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला हे. स्वातंत्र्य काय असतं आणि परक्याने येऊन माणसं मारणं काय असतं हे त्या काळातल्या कोणाला कळत असेल तर ते डचांना कळत होतं.

आणि मुख्य म्हणजे बांदाचे लोक. ते त्याच काळातले नव्हते का? आपण जेव्हा म्हणतो 'त्या काळी हे मान्य होतं' तेव्हा कोणाला मान्य होतं हे विचारतच नाही, मारणाऱ्याला मान्य होतं म्हणून काळाला मान्य होतं असं गृहीत धरतो. मेलेल्यांची मतं मोजली तर 1621 मध्येही बहुमत विरोधातच निघेल.

बरं, एवढा विरोध होता तर झालं काय? कंपनीच्या डायरेक्टरांनी कूनला जरा सबुरीने घ्यायला हवं होतं अशा अर्थाचं काहीतरी कळवलं, आणि 1627 मध्ये त्यालाच परत गव्हर्नर जनरल म्हणून पाठवलं. हा पॅटर्न लक्षात ठेवा कारण पुढची सव्वातीनशे वर्षं तो तसाच चाललाय: बोलणारे बोलतात, नोंद होते, आणि करणाऱ्याला बढती मिळते.

बांदा रिकामं झालं तर जायफळ काढणार कोण? कंपनीने बागांचे तुकडे पाडून डच लोकांना दिले आणि राबायला गुलाम आणले, इंडोनेशियातल्या इतर बेटांवरून आणि आपल्या किनाऱ्यावरूनसुद्धा. पुलिकत, नागपट्टणम या डच ठाण्यांवरून दुष्काळाच्या वर्षांत माणसं स्वस्तात विकत घेऊन जहाजात भरायची हा नियमित धंदा होता, 1659 ते 61 च्या तंजावरच्या दुष्काळात असे हजारो लोक बटाव्हिया आणि सिलोनकडे गेले. आणि इथे आपला थेट संबंध येतो. 1677 मध्ये शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयात जिंजीकडे गेले, त्या भागात डचांच्या वखारी होत्या, ते व्यापाराची परवानगी मागायला आले. महाराजांनी कौल दिला, पण त्यात अट घातली की आधीच्या राजवटीत तुम्ही इथून स्त्री-पुरुष गुलाम विकत घेऊन नेत होता, माझ्या राज्यात ते चालणार नाही, गुलाम खरेदी करायचे नाहीत, समुद्रावर न्यायचे नाहीत, आणि केलंत तर माझी माणसं अडवतील. म्हणजे 1677 सालच्या एका राज्यकर्त्याने डचांच्या तोंडावर सांगितलं की हे चालणार नाही, आणि ते त्यांच्या दफ्तरात पोचलं. आता म्हणा तो काळच तसा होता.

थांबा, लगेच छाती फुगवू नका, कारण हाच निकष आपल्यालाही लागतो. पुढे पेशवाईत कुणबिणी, म्हणजे गुलाम बायका, ठेवल्या जायच्या, विकल्या-घेतल्या जायच्या, त्याची कागदपत्रं आहेत आणि ती काही इंग्रजांनी रचलेली नाहीत. तो विषय निघाला की आपलेच लोक, जे एरवी डचांचा हिशोब मागायला सगळ्यात पुढे असतात, ते पटकन म्हणतात अहो तेव्हा सगळीकडेच तसं होतं. नाही हो. आधीच्याच शतकात छत्रपतींनी गुलाम खरेदी थांबवायला लावली होती ना? मग पेशव्यांना माहीत नव्हतं असं कसं म्हणणार? आणि जातीबद्दल 'तो काळ' म्हणणाऱ्यांना तर एकच तारीख सांगावी, 1873, जोतीरावांनी 'गुलामगिरी' लिहून अमेरिकेत गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केली ते साल. पुण्यात बसून माणूस अटलांटिकच्या पलीकडचं बघू शकत होता, काळ आड आला नाही.

परत डचांकडे. एकोणिसाव्या शतकात कंपनी बुडालेली, आता थेट सरकार. 1830 पासून जावामध्ये सक्तीची पिकं, म्हणजे गावाने जमिनीचा पाचवा हिस्सा सरकारसाठी ऊस, नीळ, कॉफी लावायला द्यायचा असा कागदावर नियम आणि प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी त्याहून जास्त. 1848 ते 50 मध्ये देमाक, ग्रोबोगान भागात दुष्काळ पडला, लोक मेले, आणि त्याच सुमारास हॉलंडच्या सरकारी उत्पन्नाचा जवळपास तिसरा हिस्सा जावातून येत होता. त्यांची रेल्वे, त्यांचे कालवे या पैशांवर झाले. याविरुद्ध बोलणारे तेव्हाही होतेच, 1860 मध्ये मुल्तातुली या टोपणनावाने एका माजी सरकारी अधिकाऱ्याने कादंबरी लिहून सगळं चव्हाट्यावर आणलं, पार्लमेंटमध्ये खळबळ झाली. हा अधिकारी लेबाकमध्ये असताना रयतेच्या छळाची तक्रार वर करून बसला होता, वरिष्ठांनी दाद दिली नाही म्हणून राजीनामा दिला, आणि पुढचं आयुष्य बरंचसं कर्जात काढलं. पॅटर्न तोच.

मला स्वतःला सगळ्यात जास्त बोचतो तो सुरिनामचा हिशोब, म्हणजे दक्षिण अमेरिकेतली ती डच वसाहत जिथे आफ्रिकेतून आणलेले गुलाम मळ्यांत राबायचे. 1 जुलै 1863 ला डचांनी तिथली गुलामी कायद्याने बंद केली, इंग्रजांच्या तीस वर्षं नंतर. नुकसानभरपाई दिली, माणशी 300 गिल्डर (त्यांचं तेव्हाचं चलन). कोणाला? मालकाला. गुलामाला एक दमडी नाही, उलट त्याने अजून दहा वर्षं सरकारी देखरेखीखाली करार करून मळ्यातच राबायचं. आणि मालकांना वाटलेला हा पैसा कुठून आला तर बऱ्याच अंशी जावाच्या त्या सक्तीच्या पिकांच्या नफ्यातून. म्हणजे जावाच्या शेतकऱ्याच्या घामाने सुरिनामच्या मळेवाल्याची भरपाई केली. दहा वर्षं संपली 1873 ला, त्याच वर्षी जूनमध्ये 'लल्ला रूख' नावाचं जहाज सुमारे 400 भारतीय मजूर घेऊन पारामारिबोला लागलं, आणि 1916 पर्यंत असे 34,000 च्या आसपास लोक गेले, बहुतेक यूपी-बिहारकडचे, पाच वर्षांच्या करारावर. त्यांचीच पुढची पिढी आज हेगमध्ये हिंदुस्तानी म्हणून राहते. एकाच सरकारच्या वहीत जावा, आफ्रिका आणि भारत तिन्हीकडची माणसं, आणि तिघांच्याही नावापुढे भरपाईचा रकाना कोरा.

सुमात्राच्या उत्तर टोकाच्या अचेहबद्दल थोडक्यात. 1904 मध्ये फान डालन नावाच्या अधिकाऱ्याच्या मोहिमेत कुता रेह या एकाच गावात 500 हून जास्त माणसं मारली, बायका-मुलं धरून, आणि मोहिमेबरोबरच्या डॉक्टरने मृतदेहांच्या ढिगावर उभ्या असलेल्या सैनिकांचे फोटो काढले. ते हॉलंडमध्ये पोचले, पार्लमेंटमध्ये आरडाओरडा झाला. पुढच्या वर्षी फान डालन अचेहचा गव्हर्नर.

आता 1945. दुसरं महायुद्ध संपलं, 17 ऑगस्टला सुकर्णो आणि हट्टा यांनी इंडोनेशिया स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं. हॉलंड स्वतः पाच वर्षं जर्मनांच्या बुटाखाली राहून नुकतं मोकळं झालेलं, आणि त्यांनी काय केलं तर एक लाखाहून जास्त सैनिक जहाजांत भरून इंडोनेशिया परत ताब्यात घ्यायला पाठवले. 1621 ची गंमत परत, फक्त स्पेनच्या जागी जर्मनी. युद्ध म्हणायचं नाही, पोलिसी कारवाई म्हणायचं. दक्षिण सुलावेसीत वेस्टरलिंग नावाच्या कॅप्टनने गावातली माणसं मैदानात गोळा करून जागच्या जागी गोळ्या घातल्या, मृतांचा आकडा हजारांत. 9 डिसेंबर 1947 ला पश्चिम जावाच्या रावागेदे गावात पुरुषांना रांगेत उभं करून मारलं, गावकऱ्यांच्या मोजणीने 431. हे अंधारातही झालं नाही, जानेवारी 1948 मध्येच संयुक्त राष्ट्रांच्या समितीने रावागेदेची कारवाई जाणूनबुजून केलेली आणि निर्दय असल्याचं म्हटलं. कोणावरही खटला नाही.

खटले झाले ते दुसऱ्यांवर. हजारो डच तरुणांनी इंडोनेशियात जायला नकार दिला, कोणी धर्माच्या कारणाने, कोणी कम्युनिस्ट म्हणून, आणि कोणी साधं एवढंच म्हणून की जर्मनांनी आमच्याशी जे केलं ते मी दुसऱ्याशी करणार नाही. त्यांच्यातल्या दोन हजारांहून जास्त जणांना शिक्षा झाली, काही जण कित्येक वर्षं तुरुंगात होते. वेस्टरलिंगवर मात्र या हत्यांबद्दल कधीच खटला चालला नाही, आमस्टरडॅममध्ये जुन्या पुस्तकांचं दुकान चालवून 1987 मध्ये निवांत मेला. त्या काळची मूल्यं काय होती हे ठरवताना यातला कोण पकडायचा? वीस-एकवीस वर्षांची पोरं जेलमध्ये जायला तयार झाली, त्यांचा काळ वेगळा होता का?

आणि आशियाचंही तेव्हा मत होतंच की. 1947 मध्ये बिजू पटनायक स्वतः विमान उडवत जाऊन इंडोनेशियाचे नेते शहरीर यांना डचांच्या नाकाबंदीतून बाहेर घेऊन आले, भारताने डच विमानांना आपल्यावरून उडायला बंदी केली, जानेवारी 1949 मध्ये नेहरूंनी दिल्लीत इंडोनेशियासाठी परिषद भरवली.

1969 मध्ये हुएटिंग नावाच्या एका माजी सैनिकाने टीव्हीवर येऊन सांगितलं की आम्ही तिथे युद्धगुन्हे केले, मी स्वतः बघितलेत. त्याला इतक्या धमक्या आल्या की कुटुंबासह लपून राहावं लागलं. सरकारने घाईने एक अहवाल काढला, निष्कर्ष असा की काही अतिरेक झाले पण एकंदरीत सैन्य नीट वागलं. हीच अधिकृत भूमिका पन्नासेक वर्षं राहिली. रावागेदेच्या विधवांनी कोर्टात केस टाकली तेव्हा सरकारचा मुख्य बचाव काय होता माहितीये? मुदत संपली. 2011 मध्ये हेगच्या कोर्टाने तो फेटाळला आणि त्या म्हाताऱ्या बायांना प्रत्येकी 20,000 युरो मिळाले. 2022 मध्ये मोठ्या संशोधनाचा निकाल आला की टोकाची हिंसा ही सैन्याच्या कामकाजाचाच भाग होती आणि वरच्यांनी ती चालू दिली, तेव्हा कुठे पंतप्रधान रुट्टे यांनी माफी मागितली. त्या डिसेंबरात गुलामीबद्दल माफी, 2023 मध्ये राजाची माफी.

होर्न गावात कूनचा पुतळा आहे, 1893 चा, आणि तो काढायचा की ठेवायचा यावर तिथे वर्षानुवर्षं भांडण चालू आहे. 2011 मध्ये एका क्रेनचा धक्का लागून तो खाली पडला होता, तरी परत उभा केला, खाली टीकेची पाटी लावून. पुतळ्याच्या बाजूचे लोक म्हणतात तेव्हा तो हिरोच होता. अहो पण फान देर खैस या डच इतिहासकाराने 1886 मध्येच, म्हणजे हा पुतळा बसायच्या सात वर्षं आधी, लिहिलं होतं की याच्या नावाला रक्त चिकटलेलं आहे. बसवणाऱ्यांनी वाचून बसवला. माझं मत विचाराल तर मला पुतळ्यात फारसा रस नाही, राहू दे किंवा म्युझियममध्ये जाऊ दे, त्याने बांदाच्या माणसाला काही फरक पडत नाही.

माझा रस पैशात आहे, कारण कंपनीलाही त्यातच होता. 1949 च्या हेगच्या गोलमेज परिषदेत डचांनी इंडोनेशियाचं स्वातंत्र्य मान्य केलं पण अट घातली की वसाहत सरकारचं कर्ज, साधारण 4.5 अब्ज गिल्डर, नव्या देशाने फेडायचं. आणि त्या कर्जात इंडोनेशियाविरुद्ध केलेल्या लष्करी कारवायांचा खर्चही होता. म्हणजे तुम्हाला मारायला जे सैन्य पाठवलं त्याचं बिल तुम्हीच भरा. इंडोनेशियाचे प्रतिनिधी तिथेच म्हणत होते की आमच्यावर केलेल्या युद्धाचे पैसे आम्ही का द्यायचे, पण स्वातंत्र्य अडलं होतं म्हणून सही केली, आणि 1956 मध्ये सुकर्णोंनी थांबवेपर्यंत ते फेडत राहिले. गुलामीच्या माफीबरोबर हॉलंडने जनजागृती वगैरेसाठी 20 कोटी युरोचा फंड जाहीर केला, चांगली गोष्ट आहे, पण जे हप्ते वसूल केले ते परत करायचं काय? 1621 चा हिशोब कसा लावायचा यावर हवा तेवढा वाद घाला, मलाही त्याचं उत्तर येत नाही. 1949 चं तसं नाही, करार आहे, आकडा आहे, सह्या आहेत, सह्या करणारे दोन्ही देश आजही आहेत आणि त्यातला एक माफी मागून बसलाय. मग अडतंय कुठे ते हेगमधल्या कोणीतरी सांगावं.